पुण्याला दोन तासांत

पुण्याहून दोन तासांत पोचणारी वेगवान गाडी येणार आणि कोल्हापूर स्टेशनला चांगले दिवस येणार, ही बातमी मी चहाच्या गाड्यावर ऐकली आणि कसलीही खात्री न करता आमच्या दैनिकात लिहिली. चूक माझी होती. ती बातमी खरी मानली स्टेशनवरच्या एका हमालानं.

बातम्यांसाठी मी रोज तिथं जायचो, पण त्याचं नाव कधी विचारलं नाही. लाल सदरा कडक इस्त्रीचा, आणि आवाज फलाटाच्या दुसऱ्या टोकाला पोचणारा.

"पावणं, तुमी लिवलायसा ते खरं हाय न्हवं?"

"छापून आलंय की," मी म्हणालो.

त्या भरवशावर त्यानं गूळ बाजारातली कायमची नोकरी नाकारली. मला ते कळलं, तरी मी गप्प राहिलो. दुपारी फलाट रिकामा झाला की दगड भरलेल्या दोन पिशव्या उचलून तो झपाझप चालायचा. बाकीचे हमाल हसायचे.

"गाडी जोरात येणार, मग हमालानं रेंगाळून चालंल व्हय?" तो त्यांना ओरडायचा.

वर्षं गेली. गाडी आली नाही, चाकांच्या बॅगा आल्या. परवा तो एका प्रवाशाला सांगत होता, "ती गाडी आली की दोन तासांत पुण्याला जाशिला! हे पेपरवालं सायेब हाईत, इचारा त्यास्नी."

प्रवासी माझ्याकडे बघू लागला. मी हमालाचा हात धरला.

"मामा, ती बातमी मी कुणालाही न विचारता लिहिली होती. माझ्यामुळं तुम्ही इथं थांबलात. मला माफ करा."