सातव्या खोलीतला घोडा

१९८७ साली मी एकसष्ट वर्षांचा होतो. कल्याणजवळच्या मोहन्याच्या कारखान्यातून रिटायर झालेलो. ठाण्याच्या डॉक्टरांनी टॉर्च बंद केला आणि म्हणाले, "काका, रेटिना डिटॅचमेंट आहे. आजच ॲडमिट व्हा."

रेटिना म्हणजे डोळ्याच्या आत मागे असतो तो पडदा. भिंतीचा पोपडा सुटावा तसा माझा सुटलेला. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून गेलेलो. तुमच्या डोळ्यापुढे विजा चमकल्यासारखं झालं तर माझ्यासारखे थांबू नका.

ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालं, पण दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. मान हलवायची नाही.

शाळा चौथीपर्यंतच, पण बुद्धिबळात कल्याणात मला कोणी सहज हरवलेलं नाही. बायकोला, सुमनला, म्हटलं, पेपरात डाव छापलाय तो वाच, आणि स्टुलावर पट मांडून मोहरी हलव.

"घोडा एफ तीन. उंट बी पाच."

छापणारा घोडा कुठे पोचला तेवढंच सांगतो. निघाला कुठून, ते समोर पट असलेल्यालाच कळतं. थोड्याच चालींत माझ्या डोक्यातला पट पुसला गेला. तेवढ्यात ती म्हणाली, "वजिरानं हत्ती घेतला."

"कुठला हत्ती?" म्हणत मी पटाकडे मान वळवली. डोळे बांधलेले, आणि मी बघायला वळलो.

सिस्टर ओरडली. डॉक्टर धावत आले. "काका, पडदा पुन्हा सुटला तर माझ्या हातात काही राहणार नाही." सुटला की राहिला, ते पट्टी कायमची काढल्यावरच नक्की कळणार होतं.

सुमननं पट पिशवीत कोंबला. "आता बघायला काही ठेवलेलंच नाही. गप पडा. आपली चाळ आठवा. अलीकडे आठ खोल्या, चौकापलीकडे आठ. एफ म्हणजे सहावी खोली."

मग तिनं पहिल्यापासून वाचलं. "सातव्या खोलीतला घोडा निघाला, सहाव्या खोलीच्या प्याद्यापुढे येऊन बसला." चार चाली झाल्या की थांबायची, कोण कुणाच्या दारात उभा आहे ते सगळं सांगायची.

आणि मला पट दिसला. पट्टीआड, लख्ख. मी हबकलोच. त्यानंतर मान हलली नाही.

शेजारच्या खाटेवर खाडीवरचा पांडू कोळी होता, त्याचाही पडदा सुटलेला, ऑपरेशन व्हायचं होतं. जन्मात पट बघितला नव्हता. तोही विचारायचा, "वैनी, तो घोडा घरी परतला का नाय?"

पट्टी निघाली त्या दिवशी डॉक्टरांनी बोटं धरली. "किती?"

"दोन." वाकडी होती, पण होती.

"पडदा जागेवर आहे," ते म्हणाले. सिस्टरला माझं तोंड दिसू नये म्हणून मी मान फिरवली, आणि घाबरून लगेच सरळ केली. सुमन हसली.

त्याच दुपारी पांडूचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या खाटेजवळ स्टूल ओढलं, पेपर चांगल्या डोळ्यापुढे धरला आणि सुरू केलं, "पहिल्या खोलीत हत्ती. जागचा हललेला नाही. तूही हलू नकोस."