तरव्यावरचे आंदोलन

पुतळाबाईंची आणि प्रस्तुत लेखिकेची ओळख लालबागच्या प्रौढ साक्षरता वर्गात, दुसऱ्या बाकावर झाली. वर्ग शाळा सुटल्यावर भरत असे आणि बाक सहा वर्षांच्या मुलांच्या मापाचे असल्यामुळे दोघींचे गुडघे एकमेकींना लागत. पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या सुरुचीबाईंनी प्रत्येकीला विचारले, वाचता आले की सर्वांत आधी काय वाचणार? कोणी पोथी म्हणाले, कोणी बसच्या पाट्या म्हणाले. पुतळाबाई म्हणाल्या, "सातबारा." सुरुचीबाई हसल्या. पुतळाबाई हसल्या नाहीत.

पुतळाबाई सतराव्या वर्षी लग्न होऊन चिंचपोकळीला आल्या. नवरा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता. गावचे चौदा गडी गावाच्या सामाईक गाळ्यात ट्रंका उशाला घेऊन राहत आणि दोन्ही वेळ पुतळाबाईंच्या खाणावळीत जेवत. तांदूळ येई तो सासरच्या गावाहून, म्हणजे पुण्याच्या पश्चिमेला डोंगरात असलेल्या घोणशेताहून, झऱ्याखालच्या बावीस गुंठ्यांच्या खाचरातून. पुढे गिरणी बंद पडली, नवरा वारला, गडी पांगले. त्यांची मुले कचेऱ्यांत लागली आणि बासमती खाऊ लागली. खाचर मात्र राहिले. गेली पस्तीस वर्षे पुतळाबाई वैशाखात गावी जातात, भात पिकवतात आणि दिवाळी झाली की चिंचपोकळीला परततात.

त्याच सामाईक गाळ्यात आता घोणशेत ग्रामस्थ मंडळ, मुंबई, या संस्थेचे कार्यालय आहे. अध्यक्ष श्री. दीपक हे विमा कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत. घोणशेतला त्यांची वडिलोपार्जित दोन एकर जमीन आहे. ती कोठे आहे हे ते नकाशावर बोट ठेवून अचूक सांगतात. प्रत्यक्ष दाखवण्याचा प्रसंग तोवर आला नव्हता.

गेल्या फाल्गुनात एका कंपनीने घोणशेतची नव्वद एकर जमीन डेटा सेंटरसाठी मागितली. मंडळाने तातडीची सभा बोलावली. सभेत बायकांनी बसण्याची पद्धत नसल्यामुळे पुतळाबाई चहाची किटली घेऊन दारात उभ्या होत्या.

"अमित, ते सेंटर म्हणजे काय असतं रे?" त्यांनी तिथूनच विचारले.

अमित हा मंडळातील सर्वांत तरुण सभासद. तो लोअर परळला संगणकावर काम करतो व मंडळाचा व्हॉट्सॲप गट सांभाळतो. "आजी, आपण मोबाईलवर फोटो पाठवतो ना, व्हिडिओ बघतो, ते सगळं कुठंतरी ठेवायला लागतं. त्याची मोठमोठी मशीनं असतात. ती तापतात. मग थंड करायला पाणी लागतं."

"कुठलं पाणी?"

"आपला झरा."

पुतळाबाईंनी किटली खाली ठेवली. "दीपक, तू रोज सकाळी सगळ्यांना गुलाब पाठवतोस ना?"

"शुभ सकाळचे. हो, काकी."

"ते पण तिथंच ठेवणार?"

अध्यक्षांनी अमितकडे पाहिले. "टेक्निकली, हो," अमित म्हणाला.

"मग तू गुलाब पाठवायचे थांबव की. एखादं खाचर वाचतंय का बघू."

खिडकीपाशी बसलेले कुशाबा एवढे हसले की त्यांना कवळी काढून हातात धरावी लागली. कुशाबा हे त्या चौदा गड्यांपैकी आता उरलेले एकटे. त्यांचे वय ऐंशी, एक गुडघा कामातून गेलेला, पण गावच्या कागदपत्रांची माहिती पूर्ण मंडळात फक्त त्यांनाच आहे. हसू आवरल्यावर त्यांनी मुद्दा सांगितला. कंपनीने आपल्या नकाशात झऱ्याखालचा सगळा पट्टा पडीक दाखवला होता. पडीक जमीन देण्यास सरकारदरबारी फारशी आडकाठी नसते. आषाढात तलाठी पाहणीला येणार होता.

"उभं पीक दिसलं तर भात लिहील. नाही दिसलं तर पडीक," कुशाबा म्हणाले. "आणि वैनी, अख्ख्या पट्ट्यात पेरणारी तू एकटी."

सभेने विरोधाचा ठराव एकमताने संमत केला व कृती समिती स्थापन केली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बातमीखाली गटावर एकेचाळीस गुलाब आले.

पुतळाबाई वैशाखात गावी गेल्या. मृगात त्यांनी तरवा पेरला. तरवा म्हणजे लावणीसाठी एका तुकड्यात दाट वाढवलेली भाताची रोपे. ती उपटून नंतर साऱ्या खाचरात लावायची असतात. वीस दिवसांत तरवा वीतभर झाला. कुशाबांनी फोनवरून सांगितल्याप्रमाणे एका शुक्रवारी त्या वडापच्या जीपने तालुक्याला गेल्या, हरकतीचा अर्ज लिहून घेतला आणि तो देण्यासाठी रांगेत उभ्या राहिल्या.

कृती समितीनेही शुक्रवारच निवडला होता, कारण शनिवार-रविवार सर्व बसगाड्या धबधब्यांच्या सहलींना आधीच ठरलेल्या होत्या. पुतळाबाईंना कळवण्याचे कोणालाही सुचले नाही. लालबागहून सत्तावीस माणसे निघाली. सोबत पांढऱ्या टोप्या, एक ताडपत्री, फरसाणाची पिंपे आणि 'एक इंचही जमीन देणार नाही' असा फलक होता. फलकावरील अध्यक्षांचा फोटो एक इंचापेक्षा बराच मोठा होता.

घोणशेतात उतरल्यावर ठिय्या कोठे द्यायचा, हा प्रश्न पडला. चहूकडे चिखल होता. झऱ्याखाली मात्र एकच तुकडा सपाट, मऊ आणि हिरवागार दिसत होता. चाळीस वर्षे ज्यांनी हिरवळ केवळ उद्यानात पाहिली, त्यांना ते उद्यान वाटावे यात नवल नाही. उद्यानात निदान हिरवळीवर बसू नये अशी पाटी असते. पुतळाबाईंनी पाटी लावली नव्हती.

"दीपककाका, इथे लाइट मस्त आहे," अमित म्हणाला. "मागे डोंगर पण येतोय."

ताडपत्री अंथरली गेली. शेतकरी जगला पाहिजे, अशा घोषणा झाल्या. दोन भाषणे झाली, फरसाण झाले, तिसरे भाषण सुरू झाले. गुडघ्यामुळे बसमध्येच थांबलेल्या कुशाबांची डुलकी मोडली तेव्हा त्यांना खिडकीतून हे दृश्य दिसले. ते खिडकीबाहेर काठी नाचवू लागले. ऐंशी वर्षांच्या वृद्धाचा तो जोश पाहून सत्तावीस मुठी एकदम वर झाल्या.

तेवढ्यात वडापची जीप थांबली व पुतळाबाई उतरल्या. शिक्का मारलेली अर्जाची प्रत त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणली होती.

"काकी, या," अध्यक्ष म्हणाले. "पुढं बसा, फलकाच्या मध्यभागी. तुमचीच उणीव होती."

"उठा."

"आता समारोपाचं भाषण..."

"दीपक, ऊठ."

सगळे उठले. पुतळाबाईंनी ताडपत्रीचे एक टोक धरून ती ओढून काढली. खाली तरवा चिखलात रुतून पडला होता. बुडातून मोडलेला, पिचलेला, आणि ज्याने त्याने आपापल्या बैठकीचा खळगा सोडलेला.

"हे गवत नव्हतं?" अमितने हळूच विचारले.

"तुझ्या आजोबानं चौदा वर्षं हेच गवत खाल्लं. माझ्या हातचं."

मग त्यांनी पिशवीतून अर्ज काढला, एका ओळीवर बोट ठेवले आणि वर्गात वाचतात तसे, एकेक अक्षर सुटे करीत मोठ्याने वाचले: सदर क्षेत्रात भाताचा तरवा उभा आहे. वाचून झाल्यावर अर्ज पुन्हा घडी करून पिशवीत ठेवला.

अध्यक्षांना काहीतरी बोलणे भाग होते. "काकी, मंडळ या घटनेचा तीव्र निषेध करेल."

"कुणाचा?"

मंडळाच्या इतिवृत्तात हा प्रश्न नोंदलेला नाही.

त्या रविवारी पुतळाबाई पहाटेच्या एस.टी.ने लालबागला आल्या आणि थेट गाळ्यात शिरल्या. सभा चालू होती. त्या दारात थांबल्या नाहीत. आत जाऊन एका जुन्या ट्रंकेवर बसल्या. त्यांना उठवण्याची हिंमत कोणी केली नाही, कारण ट्रंक त्यांच्या नवऱ्याची होती.

घोणशेतात तरवा विकत मिळत नाही. ज्याचा तरवा जास्तीचा असतो तो थोडी रोपे देतो आणि घेणाऱ्याने त्याच्या वावरात लावणीला जायचे, ही तिथली रीत आहे. पुतळाबाई सहा उंबरे फिरून आल्या होत्या. सहाही घरांनी रोपे देण्याचे कबूल केले होते, आणि प्रत्येक घराला एका दिवसासाठी दोन माणसे हवी होती.

"बारा माणसं पाहिजेत," त्या म्हणाल्या. "मी एकटी बारा ठिकाणी वाकू शकत नाही."

ते ऐकताच मंडळाची प्रकृती बिघडली. एकाच्या मणक्यात गॅप निघाली. एकाला चिखलाची ॲलर्जी होती, आणि ती शुक्रवारी दोन तास दबून राहिली होती असे त्याने स्पष्ट केले. अमितच्या कचेरीत काहीतरी अत्यंत तातडीचे होते. खजिनदारांनी शाल व श्रीफळ देऊन पुतळाबाईंचा सत्कार करण्याची सूचना मांडली आणि तिला अनुमोदनही मिळाले.

अध्यक्ष उभे राहिले. "काकी, संपूर्ण मंडळ तुमच्या पाठीशी खंबीरपणे उभं आहे."

"पाठीशी उभं राहू नकोस. शेजारी वाक."

खिडकीपाशी कुशाबांनी काठी आपटली. "वैनी, माझं नाव धर. गुडघा मोडला तर मोडू दे. तो तरव्याच्या आधी मोडायला पाहिजे होता, म्हणजे मला दवाखान्यात नेण्याच्या नादात बस निघाली नसती."

मग दारातून आवाज आला. त्या दिवशी चहाची किटली अध्यक्षांच्या पत्नी सुचित्राबाईंच्या हातात होती. "काकी, माझं नाव घ्या. आणि यांचं पण घ्या."

"अगं, माझी शुगर..." अध्यक्ष म्हणाले.

"चिखलात साखर नसते."

गॅलरीतून आणखी चार बायका बोलल्या, आणि त्यांच्यामागून त्यांचे नवरेही, काहीसे उशिरा. अमितने कचेरीचे काम लॅपटॉपवर तिकडूनच करण्याचे मान्य केले. अशी बारा माणसे झाली.

लावणीचा तपशील सर्वच सांगण्याजोगा नाही. सुचित्राबाईंना माहेरची सवय होती. त्यांचे हात आपोआप चालू लागले. कुशाबा बांधावर बसून रोपांच्या मुठी बांधून देत. अमितने छत्रीखाली लॅपटॉप उघडला खरा, परंतु ज्या ठिकाणी साऱ्या जगाचे फोटो ठेवायचे घाटत होते, तिथे त्याच्या मोबाईलला एकही काडी रेंज मिळाली नाही. शेवटी तोही चिखलात उतरला. अध्यक्षांनी पहिल्या ओळीत रोपे एवढी खोल खोचली की वर पाहण्यासारखे काही उरले नाही.

"काकी, बरोबर आहे का?"

पुतळाबाईंनी ओळ पाहिली. "पुरलीस तू. लावायची असतात."

सहा वावरांतली लावणी फेडून झाल्यावर शेवटी पुतळाबाईंच्या खाचराची पाळी आली. रोपे सहा घरांची, म्हणून सहा प्रकारची होती. उंची सारखी नव्हती आणि रंगही फिका होता. आठ दिवसांनी तलाठी आला. तो बराच वेळ बांधावर उभा राहून त्या अशक्त भाताकडे पाहत होता. पुतळाबाई त्याच्या पेनकडे पाहत होत्या. अखेर त्याने लिहिले: भात.

मग तो शेजारच्या जमिनीकडे वळला. तिथे कमरेएवढे तण माजले होते. "हे कुणाचं?"

पाहणीच्या दिवशी आंदोलनाचे नेतृत्व करण्यासाठी अध्यक्ष कुशाबांना घेऊन खास मुंबईहून आले होते. त्यांनीही उत्सुकतेने इकडेतिकडे पाहिले.

"तुझंच आहे, दीपक," पुतळाबाई म्हणाल्या.

"हे? आपलं?"

"नकाशात बघ," कुशाबा म्हणाले.

तलाठ्याने लिहिले: पडीक. पट्ट्यातील मंडळाच्या सभासदांच्या इतर सर्व जमिनींपुढेही त्याने तेच लिहिले, आणि त्यात खोटे काहीही नव्हते. पुढे कंपनीने नकाशा बदलला. झऱ्याखालचे बावीस गुंठे वगळले आणि अध्यक्षांच्या दोन एकरांभोवती तांबडी रेघ ओढली. झऱ्याचे पाणी कोणाला मिळणार, हे मात्र अजून कोणी सांगत नाही.

दिवाळीनंतर पुतळाबाई वर्गात परतल्या. त्या वर्षी भात निम्मा झाला होता. दुसऱ्या बाकावर त्यांनी सातबारा उलगडला आणि वाचला. स्वतःचे नाव वाचायला वेळ लागला. भात हा शब्द त्यांनी बोट न ठेवता वाचला. सुरुचीबाई या वेळी हसल्या नाहीत.

त्याच आठवड्यात अध्यक्ष वर्गाच्या दाराशी आले. नव्या नकाशापासून ते रोज सकाळचे गुलाब पाठवीत नाहीत, असे ऐकिवात आहे. येत्या मृगानंतर चार बसगाड्या भरून घोणशेतला न्यायच्या, नवा फलक करायचा आणि प्रमुख पाहुण्या म्हणून पुतळाबाईंना मध्यभागी बसवायचे, असा बेत त्यांनी दारातूनच सविस्तर मांडला. पुतळाबाईंनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला.

"येईन," त्या म्हणाल्या. "पण एक कर."

"बोला, काकी."

"सगळ्यांना बांधावर बसव. आणि चपला बसमध्येच ठेवून यायला सांग, भाषणं झाली की लावणीला उतरायचंय."