कायमची लिंबूटिंबू

आमच्या आळीतल्या पोरांत एक जुना कायदा आहे. जे पोर अगदी लहान, त्याला खेळात घ्यायचं, पळू द्यायचं, लपू द्यायचं, पण त्याच्यावर राज्य द्यायचं नाही. पकडलं तरी ते आऊट नाही. अशा पोराला लिंबूटिंबू म्हणतात. कुणाच्या आईने "धाकट्यालाही घ्या रे" असा दम भरला की पोरं तोंड वाकडं करून म्हणतात, "बरं, लिंबूटिंबू," आणि खेळ पुढे चालू. हा कायदा त्यांना कुणी शिकवलेला नाही, पण मोठ्यांच्या पुष्कळ कायद्यांपेक्षा त्यात शहाणपण जास्त आहे. वर्ष-दोन वर्षांत पोर वाढतं, एके दिवशी त्याच्यावर राज्य येतं, ते थोडं रडतं आणि सुटतं.

माझी मुलगी सुटली नाही.

घरात आम्ही तिला बाय म्हणतो. ती उशिरा बसली, उशिरा चालली, बोलली तर त्याहून उशिरा. डॉक्टर आधी "थोडी मागे आहे" म्हणाले, जशी काही पाठून येतेच आहे. मग हळूहळू शब्द बदलले. आता सगळे "विशेष मूल" म्हणतात. विशेष म्हणजे काय, हारतुरे घालून स्टेजवर बसवलीय काय तिला? तो शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. मी हायस्कुलात शिकवते आणि नवरा बोटीवर असतो, त्यामुळे घरात डोकं फिरवून घ्यायचं काम माझ्या एकटीकडेच आहे.

दगडी गडग्यापलीकडच्या घरात बायच्याच वयाची एक मुलगी. एकाच पावसाळ्यात जन्मलेल्या दोघी. चौथ्या-पाचव्या वर्षी दोघी लिंबूटिंबू होत्या. मोठ्या पोरांच्या मागून किंचाळत धावायच्या आणि कुणी धरलं तरी टाळ्या पिटायच्या. त्या वयाच्या पोराला दुसरं पोर दिसतं, त्याच्यात काय कमी आहे ते दिसत नाही. बायचं अर्धंमुर्धं बोलणं शेजारच्या मुलीला बरोबर कळायचं. नाही कळलं तर ती दोघींच्या वाटचं एकटीच बोलायची. ते दिवस मला फार बरे गेले.

सहाव्या वर्षी शेजारची मुलगी पक्की झाली. तिच्यावर पहिल्यांदा राज्य आलं तेव्हा ती घरोघर सांगत फिरली. आणि मग स्वतः मोठी झाल्याच्या तोऱ्यात तिने बायचा ताबा घेतला. खेळ सुरू व्हायच्या आधी कमरेवर हात ठेवून ती बजावायची, "बाय लिंबूटिंबू हाय हां. तिला धरायचं नाय कोणी." मला तिचं केवढं कौतुक वाटायचं! खाऊ काढला की आधी तिच्या हातावर ठेवायची मी.

बी.एड.ला आम्हाला बालमानसशास्त्राचा पेपर होता आणि मला त्यात चांगले मार्क पडले होते. कितव्या वर्षी मुलाला न्याय-अन्याय कळू लागतो, हे मी पानभर लिहिलं होतं. तो न्याय आपल्याच घरापुढच्या खळ्यात येऊन उभा राहिला की कसा दिसतो, ते त्या पुस्तकात नव्हतं.

पोरं आठ-नऊ वर्षांची झाली तेव्हाची गोष्ट. मी पडवीत पेपर तपासत बसले होते. चौथीतला एक मुलगा म्हणाला, "लिंबूटिंबू बारक्यांना असतं. बाय माझ्यापेक्षा उंच आहे. मग मला पण लिंबूटिंबू करा." बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. पोरांनी खळ्याच्या मधोमध गोल करून खटला चालवला. दुष्टावा कुणाच्याच मनात नव्हता, उलट सगळे अगदी गंभीर होते. निकाल लागला, की नियम सगळ्यांना सारखा. बायवर राज्य.

बायला कोण आनंद झाला! रातांब्याच्या खोडाला तोंड लावून तिने आपले जमतील तेवढे आकडे मोठ्याने म्हटले आणि वळून बघते तर कुणीच नाही. ती जरा वेळ उभी राहिली. मग थेट स्वयंपाकघरात गेली आणि तांदळाच्या डब्याचं झाकण काढून आत बघू लागली, कारण घरातल्या लपवायच्या वस्तू आम्ही तिथे ठेवतो. चिऱ्यांच्या रचामागे लपलेली पोरं पोट धरून हसली. मीही हसले असते, माझी नसती तर.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या मुलीने तोड काढली. आंब्याच्या रिकाम्या पेट्यांमागे ती लपली आणि एक पाय मुद्दाम बाहेर ठेवला. बायने पाय बघितला आणि "सापडली!" म्हणून जी आरोळी ठोकली ती भाट्याच्या पुलापर्यंत गेली असेल. मग रोज तोच पाय, रोज तीच आरोळी. बायला त्याचा कधी कंटाळा आला नाही.

कंटाळा बाकीच्यांना आला. मुली दहा-अकरा वर्षांच्या झाल्या की त्यांचं निम्मं लक्ष खेळात आणि निम्मं आपल्याकडे कोण बघतंय यात असतं. एकीने शेजारच्या मुलीला विचारलं, "तू पण तिच्यातलीच काय गो?" एवढंच, आणि तेही हसत. त्या संध्याकाळी पेट्यांमागचा तो पाय आत ओढला जाताना मी पडवीतून पाहिला. तिनेही मला पाहिलं आणि मान खाली घातली. बाय पेट्यांच्या पुढून दोनदा गेली. मग पाय असायचा त्या जागी येऊन थांबली आणि वाट बघत राहिली.

मला त्या मुलीचा राग आला, खोटं कशाला बोलू? राग येऊ नये एवढं शिक्षण माझ्याकडे होतं. तरी आला.

तेरा-चौदाव्या वर्षी पोरांना सभ्यपणा येतो, आणि तो फार वाईट. आठ वर्षांचं पोर तोंडावर "नको ती" म्हणून मोकळं होतं. तेरा वर्षांची मुलगी गडग्याशी थांबून गोड आवाजात म्हणते, "काकू, आज क्लास आहे." दिवाळीच्या सुट्टीत पण क्लास. एकदा शेजारची मुलगी मैत्रिणींना घेऊन जात होती आणि बाय धावत पुढे झाली. तिने बायच्या गालाला हात लावला आणि मैत्रिणींना म्हणाली, "क्यूट आहे ना?" एका पावसाळ्यातल्या दोघी, आणि एक दुसरीला क्यूट म्हणते, मांजराच्या पिल्लाला म्हणावं तसं. मैत्रिणी गेल्या. बाय गडग्यावर हात ठेवून अंधार पडेपर्यंत उभी होती.

या सगळ्यात माझी भिस्त एका गोष्टीवर होती, ती म्हणजे बायला कळत नाही. माझी आई म्हणायची, शेजारपाजारचे म्हणायचे, "देवाने एक बरं केलंन, पोरीला कळत नाय." ऐकताना जीव जळायचा, पण रात्री झोप लागायची ती त्याच वाक्याच्या आधाराने. लाथ बसली तरी दुखत नाही, असं मी धरून चालले होते. तेवढं एक खोटं ठरू नये, बाकी देवाकडे माझं काही मागणं उरलं नव्हतं.

मग आळीत नवी पिढी आली, चार-पाच वर्षांची. बाय तेव्हा पंधराची. त्या बारक्यांनी तिला काहीही न विचारता खेळात घेतलं. ती त्यांच्यामागे धावायची, त्यांच्यासारखीच किंचाळायची. त्यांच्यातल्या एकाची आई मात्र माझ्याकडे येऊन बसली. बायनेच तिला पाणी आणून दिलं. तांब्या घेत ती म्हणाली, "तिचा काय दोष नाय हो बाई. पण आता अंगाने मोठी झाली. आमची पोरं बारकी. उद्या अंगावर पडली-झडली म्हणजे?"

"तुमचं पडलं तर मला सांगा," मी म्हटलं, "माझी पडली तर मी कुणाला सांगायची नाही."

बाई रागावून गेली. पोरं मात्र येत राहिली, कारण पोरांना खळं हवं होतं आणि या आळीत आता मोकळं खळं आमचंच उरलंय.

गेल्या मे महिन्यात एका संध्याकाळी खेळाची वाटणी चालली होती. पुढचे दात पडलेली एक मुलगी, पाचेक वर्षांची, सगळ्यांत लहान. तिने बायकडे बोट केलं आणि म्हणाली, "ही लिंबूटिंबू."

"नाय," बाय म्हणाली.

मला वाटलं, तिला नीट ऐकू आलं नसेल. ती पुन्हा बोलली, "मी मोठी. मी लिंबूटिंबू नाय."

छोटीने तिचा हात धरला. आवाजात इतकी माया होती की मला उठून जावंसं वाटलं. "अगं, तुला जमत नाही ना? म्हणून," ती म्हणाली.

बायचा चेहरा पडला. तो चेहरा मी ओळखते. वर्गात भलतंच उत्तर देऊन सगळे हसल्यावर खाली बसणाऱ्या मुलाचा तसा असतो. माझ्या मुलीचा मी तो कधी पाहिलेला नव्हता. बाकीच्यांना जे आठव्या वर्षी आलं ते हिला पंधराव्या वर्षी आलं होतं, आणि मी इतकी जवळ असून मला ते येताना दिसलं नाही. ती आत आली आणि दाराकडे पाठ करून बसली. पोरं खळ्यातून हाका मारू लागली, "बाय, चल ना गो!"

ती न वळता म्हणाली, "आज क्लास आहे."

त्या दिवसापासून ती खेळायला गेलेली नाही. पोरांचा गलका सुरू झाला की स्वतः उठून खिडकी लावते. मी खूप समजावलं, चिडून बघितलं, एकदा हात धरून खळ्यापर्यंत ओढत नेलं. तिने दाराची चौकट सोडली नाही.

नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. व्हिडिओवर त्याचा चेहरा फुलला. "काय सांगतेस? म्हणजे समज आली की गो तिला! खोटं पण बोलायला लागली!" आनंदाने त्याचा आवाज चढला होता. "मग आधीचं पण कळत असणार तिला, नाय काय?"

बाय माझ्या शेजारीच बसली होती. ती फोनकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि दार लावून घेतलं. इतकी वर्षं आम्ही सगळेच तिच्यासमोर बोलत आलो होतो.