विमलबाईंचं नाक आणि पुलापलीकडची वाइन

रिकाम्या बाटल्या आणि किस्से, दोन्ही न सांगता साठत जातात. बाटल्यांत मी जवसाचं तेल भरून ठेवते. किश्श्यांचं काय करावं ते कळेना, म्हणून लिहायला बसले.

आधी माणसं सांगते. विमलबाई माझी नणंद. नदीच्या त्या बाजूला, वरूडकडे, त्यांची संत्र्याची बाग आहे आणि बागेतच घर. मी या बाजूला, आष्टीजवळ. मधे पूल. पूल ओलांडला की जिल्हा बदलतो आणि जिल्ह्याबरोबर कायदा. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी, त्यांच्याकडे नाही.

लग्न होऊन या घरात आले त्या दिवसापासून या बाईनं माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली. "वयनी, फोडणी जळाली." "वयनी, लसूण कच्चा राह्यला." ताट समोर येण्याआधी, नुसत्या वासावरून! माझे यजमान म्हणायचे, नणंदेचा तो हक्कच असतो. माझी शाळा सातवीत सुटली, पण चुलीची परीक्षा ही बाई जन्मभर घेत राहिली. मीही तिच्यावरच्या रागानं शिकत गेले.

मग तो ताप आला. त्या साली सगळ्यांनाच आला. विमलबाई वाचल्या, पण नाक गेलं. कशाचाच वास येईना, आणि वासापाठोपाठ चवही गेली. जेवण निम्म्यावर आलं. मी काहीही करून नेलं तरी म्हणायच्या, "चांगलं हाय, वयनी."

मला आयुष्यात फारशी कशाची भीती वाटली नाही. त्या "चांगलं हाय"ची वाटली.

डॉक्टर म्हणाले, नाकाला रोज वेगवेगळे वास देत राहा, आला तर येईल. लवंग झाली, लिंबू झालं, कापूर झाला. तेव्हा त्यांचे जावई नितीनराव म्हणाले, "मामी, आमच्याकडे नवीन माणसाचं नाक तयार करतात ते वाइनवरच." ते नाशिकला वाइनच्या कारखान्यात पॅकिंगला आहेत. मी म्हटलं, "आणा. पण किलोभर मटणापेक्षा महाग बाटली आणसान तर तशीच परत न्या."

चौथे गोपाळराव, बागेच्या शेजारचे, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. बूच निघाल्याचा आवाज कुंपणापलीकडे गेला, एवढंच.

*

पहिल्या बैठकीला नितीनराव बाटली ठेवून काही कामाला वरूडला गेले. ते येईपर्यंत मी लेबल वाचलं. मला इंग्रजी वाचता येतं. कोणी शिकवलं नाही, औषधाच्या खोक्यांवरून आणि मोबाइलवरून माझी मी शिकले. लेबलवर स्पष्ट लिहिलं होतं, ड्राय.

"यात काहीच नाई," मी जाहीर केलं. "ड्राय हाय."

आता दारूबंदीच्या जिल्ह्यात जन्म काढलेल्या बाईला ड्रायचा दुसरा अर्थ कोण सांगणार? ड्राय डे म्हणजे दुकान बंद. ड्राय जिल्हा म्हणजे आमचा. गोपाळरावांचा चेहरा पडला. "मंग बूच कायले काढलं?" ते म्हणाले. मी ताक वाढावं तसे स्टीलचे पेले काठोकाठ भरले. वाया कशाला घालवायचं?

नितीनराव परतले तेव्हा गोपाळराव खाटेवर उभे होते आणि संत्र्याच्या झाडांना सांगत होते, "पुढं सरका, पुढं सरका, मधात गाडी सारी खाली हाय!"

"मामी," नितीनराव म्हणाले, "ड्राय म्हणजे गोड नसलेली."

"मंग तसं लिहाव ना!" मी म्हटलं. माझं आजही तेच म्हणणं आहे.

विमलबाईंनी आपला पेला शांतपणे संपवला होता.

"वास आला काय, बाई?"

"पाणी," त्या म्हणाल्या.

*

दुसऱ्या खेपेला नितीनराव तयारीनं आले. छोटे काचेचे ग्लास, आणि एक रिकामं घमेलं. घोट तोंडात फिरवायचा, वास वर नाकात जाऊ द्यायचा आणि घमेल्यात थुंकायचं. आधीचा पराक्रम पुन्हा नको, हे त्यांनी तोंडानं सांगितलं नाही, पण घमेल्यावरून कळत होतं.

विमलबाई घमेल्याकडे बघतच राहिल्या. "जावयानं आणलेली वस्तू थुंकू? लोक काय म्हणतीन?"

"आई, लोक कुठे आहेत इथे?"

विमलबाईंनी गोपाळरावांकडे बोट केलं. गोपाळराव घोट गिळून मोकळे झाले होते.

"तुम्ही पण नाही थुंकत?" नितीनरावांनी विचारलं.

"सारी नोकरी मी लोकायले 'गाडीत थुंकू नका' म्हणत काढली," गोपाळराव म्हणाले. "आता म्हातारपणी मीच थुंकू काय?"

त्या घमेल्यात आता पुदिना लावला आहे. बरा आला आहे.

*

गोपाळरावांना वासबीस सांगता येत नाही, पण वाइन बरोबर सांगता येते. एकदा एक लाल बाटली आली. तोंडात गेल्या गेल्या भरपूर फळ, गोडवा, सगळं, आणि गिळली की संपलं. नितीनराव म्हणाले, सांगा बरं कशी आहे.

गोपाळरावांनी डोळे मिटले. "वर्ध्याची पाटी लावून सुटते," ते म्हणाले, "अन् अर्ध्या वाटेत आर्वीलेच खाली होते."

नितीनरावांनी ते वाक्य नाशिकला नेलं. तिथं त्यांचे साहेबसुद्धा आता कुठल्या कुठल्या वाइनला आर्वी म्हणतात, असं ऐकते.

*

कोणत्या बाटलीबरोबर काय खायचं, हा विभाग माझा. नितीनराव त्याला पेअरिंग म्हणतात. मी सोयरिक म्हणते. दोन्ही घरं पाहिल्याशिवाय जुळत नाही.

बेसनाच्या पाटोडीच्या रश्श्याशी लाल वाइन लावून पाहिली. तर्री तिखट आणि वाइन कडक, एका तोंडात दोन जावा भांडाव्यात तसं झालं. मग थोडी गोडसर पांढरी दिली. नांदली. वांग्याच्या भरताला मात्र लालच लागते, धुराला धूर ओळखतो. मिरचीच्या भज्यांना बुडबुड्यांची. हे सगळं मी खाऊन, पिऊन ठरवलं आहे, पुस्तकातून नाही, आणि कोणाला पटत नसेल त्यानं स्वतः भजी तळून पाहावीत.

एक सोयरिक जमली नाही. अंबाडीची भाजी. तिच्या आंबटपणापुढे जी बाटली आणावी ती पडायची. लाल, पांढरी, गुलाबी, सगळी स्थळं झाली. मी हट्टाला पेटले होते.

शेवटी गोपाळराव म्हणाले, "जाऊ द्या ना, वयनी. तिचं लगन कवाच झालं हाय."

"कोणाशी?"

"ज्वारीच्या भाकरीशी. काऊन संसार मोडून राह्यल्या?"

मी माघार घेतली. आयुष्यात मोजक्याच वेळा घेतली, त्यातली ती एक.

*

नितीनराव एकदा ग्लासात नाक घालून म्हणाले, "यात चामड्याचा वास येतोय. जुन्या चामड्याचा."

मी म्हटलं, "जावईबापू, चपला बाहेर काढल्या होत्या ना?"

आणि तो एवढा शिकलासवरलेला जावई, त्यानं खरंच खाली आपल्या पायांकडे पाहिलं.

विमलबाई हसल्या. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. ताप आल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. हसून झाल्यावर त्यांनी ग्लास उचलला, वास घेतला, पुन्हा घेतला. आम्ही तिघं त्यांच्या नाकाकडे बघत बसलो.

"पाणी," त्या म्हणाल्या, आणि आम्हाला वाईट वाटू नये म्हणून पुढं म्हणाल्या, "पण चांगलं पाणी हाय."

*

परत येताना पुलावर एकदा बस थांबवली. तपासणी. माझ्या पिशवीत तेलासाठी नेत असलेल्या रिकाम्या बाटल्या. पोलीस पोरगेलाच होता. त्यानं एक बाटली उघडून हुंगली.

"आजी, याले तर दारूचा वास येऊन राह्यला."

"तुले येऊन राह्यला ना? मंग देवाचे उपकार मान. आमच्या घरी एकीले नाई येत."

त्याला काही कळलं नाही. त्यानं बाटली उलटी करून पाहिली. थेंब नव्हता. "हे खाली कोणं केली?"

"आमी चौघायनं."

"तुमी प्याल्या?"

"प्याली. नदीच्या तिकडं प्याली. आता इकडं यायचं तर पोट काय पुलावर उतरवून ठेवू?"

सगळी बस हसली. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली आणि आम्ही निघालो.

*

यानंतरचं हसण्यासारखं नाही, पण सांगते, कारण मी ते मुद्दाम केलं होतं.

एवढ्या बाटल्या झाल्या तरी उत्तर एकच. मग मला वाटलं, चांगल्या वासांना हे नाक कशाला उठेल? त्याला आयुष्यभर सवय माझ्या चुका पकडायची. म्हणून मी पाटोडीच्या रश्श्याला फोडणी दिली आणि लसूण काळा होईपर्यंत उभी राहिले. माझ्या हातानं, माझ्या डोळ्यांदेखत. गोपाळराव कुंपणापलीकडून ओरडले, "काय जळलं हो?"

विमलबाईंना वाढलं. त्यांनी भाकरी मोडली, रश्श्यात बुडवली, खाल्ली.

"चांगलं हाय, वयनी," त्या म्हणाल्या.

मी चुलीकडे तोंड केलं. धूर होता, त्यामुळे कोणाला काही कळलं नाही. सगळा रस्सा मी गाईपुढे ठेवला. गाईनंसुद्धा मान फिरवली.

त्यानंतर मी ठरवलं, आता परीक्षा पुरे. जेवायचं, प्यायचं, हसायचं. नाकाचं नाव काढायचं नाही.

*

यंदा थंडीत रोडग्यांचा बेत केला. बागेत गोवऱ्या पेटवल्या, विस्तव पडल्यावर कणकेचे रोडगे त्यात पुरले, बाजूला वांग्याची भाजी. आमच्या गावात मोठ्या पंगतीचे रोडगे असले की मला बोलावतात. माझा रोडगा बाहेरून लाल, आतून मऊ. तो आजवर करपला नाही, आणि करपला असं म्हणायची कोणाची हिंमतही झाली नाही.

नितीनराव त्या दिवशी खुशीत होते. कारखान्यात लेबल तिरपं चिकटलेली एक बाटली त्यांना स्वस्तात मिळाली होती, लाकडाच्या पिंपात मुरवलेली. नाहीतर ती आमच्या मटणाच्या नियमात बसली नसती. सगळ्यांना ग्लास दिले. डोळे मिटा म्हणाले, घाई करू नका, वास आपोआप येऊ द्या. आम्ही चार म्हातारी-तरणी माणसं संत्र्याच्या झाडाखाली ग्लासात नाकं घालून, डोळे मिटून बसलो. मीसुद्धा. रोडग्यांना अजून वेळ आहे, असा माझा हिशेब होता.

असा बराच वेळ गेला.

"करपट," विमलबाई म्हणाल्या.

नितीनरावांनी डोळे उघडले. "काय म्हणालात, आई?"

"करपट वास येऊन राह्यला."

"बरोबर!" नितीनराव उठूनच उभे राहिले. "अगदी बरोबर! पिंप आतून भाजून घेतात, आई, त्याचाच हा वास. आमच्याकडच्या पोरांनासुद्धा इतक्या लवकर..."

"मले बी आला," गोपाळराव म्हणाले. "करपटच हाय."

"वाइन नाई हो," विमलबाई म्हणाल्या. त्यांनी ग्लास खाली ठेवला होता आणि मान वर करून, नाकपुड्या फुगवून त्या विस्तवाकडे बघत होत्या. लग्नानंतर पहिल्या दिवशी माझ्या चुलीकडे बघितलं होतं, अगदी तसंच. "वयनी, तुमचे रोडगे करपले."

विस्तवातून धूर येत होता, चांगला काळा. मी उठून रोडगे काढायला हवे होते. मी उठले नाही.

"काय म्हणलं, बाई?" मी विचारलं. "पुन्हा म्हणा."

"करपले म्हणलं. अन् वांग्यात लसूण कच्चा राह्यला."

"पुन्हा म्हणा."

"काऊन पुन्हा म्हणू?" विमलबाई वैतागल्या. "तुमचं नाक गेलं काय, वयनी?"