आमच्या विहिरीचा बर्फ

लग्नाच्या पहिल्या वर्षी आबांनी आईला बर्फाचे डोंगर दाखवायचं कबूल केलं होतं, आणि पुढची चाळीस वर्षं आईनं त्यांना ते विसरू दिलं नाही.

निमित्त झालं होतं एका कॅलेंडरचं. खताच्या दुकानातून मिळालेलं, वर पांढरेशुभ्र डोंगर छापलेलं. नव्या नवरीनं विचारलं, असं खरंच कुठं असतं का? आबा तेव्हा आमच्या भरे गावातून पुण्याला दुधाचा टेम्पो न्यायचे. त्यात काय, ह्याच टेम्पोतनं नेतो की तुला, असं ते बोलून गेले. टेम्पो विकला, शेतात खोल्या बांधल्या, त्यात पिरंगुटच्या कंपन्यांतले भाडेकरू आले, मी शिकले, नोकरीला लागले, पण बर्फ काही आला नाही. घरात पहिला फ्रिज आला तेव्हा आईनं वरचं दार उघडून आत हात घातला आणि शेजारणींसमोर म्हणाली, की झाला बाई एकदाचा बर्फ बघून, ह्यांचे पेट्रोलचे पैसे वाचले. गारा पडल्या की ती परात घेऊन अंगणात जायची आणि आबांना हाक मारून दाखवायची. आबा पेपर तोंडासमोर धरून बसायचे. पेपर उलटा असला तरी.

गेल्या हिवाळ्यात मात्र आईचे गुडघे फारच दुखायला लागले. डॉक्टरांनी मार्चमध्ये ऑपरेशन करू म्हणून सांगितलं, आणि पुढं डोंगर, घसरडी जागा, थंडी ह्यांच्या वाटेला जाऊ नका असंही बजावलं. त्या रात्री जेवताना मी तिची गंमत करायला विचारलं, मग बर्फाचं काय आता? नेहमीसारखी फटकारेल असं वाटलं होतं. ती आबांच्या ताटात भाकरी वाढत म्हणाली, "ऱ्हाऊ दे आता. फ्रिज हाय की."

त्यात टोमणा नव्हता. आबांनाही तो सापडला नाही, आणि ते अर्ध्या भाकरीवर उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर गाडी धुऊन पुसून अंगणात उभी.

मी हिंजवडीत नोकरी करते आणि मारुंजीत खोली घेऊन राहते, सुट्टीला घरी येते. मी विमानाचं सुचवून बघितलं. आबा म्हणाले, शब्द गाडीनं न्यायचा दिलाय. त्यांचं वय अडुसष्ट, गाडीचं बारा, आणि दोघांचाही आवाज मोठा. मी दहा दिवसांची रजा काढली.

आईनं चटणी, तिखट, ज्वारीचं पीठ आणि लोखंडी तवा घेतला. आबांनी घरच्या विहिरीच्या पाण्याचे दोन कॅन डिकीत ठेवले. एक चहाला, कारण बाहेरच्या पाण्याचा चहा आईला लागत नाही. दुसरा गाडीला, कारण बाहेरचं पाणी गाडीलाही लागत नाही असं आबांचं मत. टेम्पोच्या दिवसांपासून त्यांच्या कुठल्याच गाडीच्या रेडिएटरनं दुसरं पाणी चाखलेलं नाही. नव्या गाडीत कंपनीनं घातलेलं हिरवं कूलंटसुद्धा त्यांनी पहिल्याच वर्षी काढून टाकलं होतं. निघायच्या आधी पिरंगुटचा मेकॅनिक त्यांना सांगत होता, काका, थंडीच्या मुलखात चाललाय, निदान आता तरी कूलंट घाला. आबांनी त्यालाच उलट विचारलं, "गाडी काय सरबत पिती व्हय?"

मी तिथंच उभी होते. म्हणजे घरात एक इंजिनिअर होती आणि तिलाही पुढचं सुचलं नाही. माझं इंजिनिअरिंग कॉम्प्युटरचं आहे, हे मी नंतर बऱ्याच जणांना सांगितलं.

चार दिवस आम्ही उत्तरेकडं जात राहिलो. सपाट रस्त्यावर गाडी माझ्याकडं, घाट आला की आबांकडं. कुठलाही घाट दिसला की ते म्हणायचे, ताम्हिणी चालवलेल्याला ह्यात काय. हिमाचलात शिरल्यावर एका बाजूला दरी आणि दुसऱ्या बाजूला लटकलेले कडे आले, तेव्हाही तेच म्हणाले, फक्त आवाज जरा बारीक होता. आई दर टोलनाक्यावर घरी गाय सांभाळणाऱ्या भाडेकरणीला फोन करून किती दूध दिलं ते विचारायची आणि गाडीत बसल्या बसल्या आमच्या चुका काढायची.

चौथ्या दिवशी संध्याकाळी कुलूच्या वरच्या अंगाला एका छोट्या गावात पोचलो. बर्फ अजून पंधरा किलोमीटर वर होता. लांबची शिखरं तेवढी पांढरी दिसत होती. आबांनी गाडी थांबवून मोठ्या मानानं ती दाखवली. आईनं शाल नाकापर्यंत ओढली आणि म्हणाली, लांबून तर कॅलेंडरवरही दिसायचा. आबा हसले. उद्या ह्या वेळेपर्यंत तिचं तोंड बंद होणार याची त्यांना खात्री होती.

आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकानं सकाळी चहाबरोबर बातमी दिली. उद्यापासून मोठी बर्फवृष्टी सांगितलीय, वरचा रस्ता बंद होईल, जायचं तर आजच. आबा म्हणाले, हे काय निघालोच. गाडी कुरकुरत चालू झाली. पाच मिनिटांत इंजिनच्या तापमानाचा काटा लाल खुणेवर गेला, बॉनेटमधून वाफ आली आणि खालून पाणी गळायला लागलं.

मालकानं जवळचा मेकॅनिक बोलावला. त्यानं बॉनेट उघडलं, वाकून बघितलं आणि विचारलं, आत काय घातलंय? आबांनी ताठ मानेनं सांगितलं, "हमारे विहीर का पानी है. एकदम मीठा."

तो माणूस हसला नाही, याबद्दल मी त्याची कायमची आभारी आहे. त्यानं शांतपणे समजावलं की पाणी रात्री गोठलं, गोठलेलं पाणी फुगतं, त्यानं रेडिएटर फुटला. नवीन खालच्या शहरातून येईल, दोन दिवस लागतील.

आबांनी रेडिएटरच्या फटीवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, टॅक्सी बघ आणि तुम्ही दोघी जाऊन या, मी गाडीपाशी थांबतो. आई बूट घालून पायरीवर बसली होती. ते बूट आम्ही खास बर्फासाठी घेतले होते.

गाडी गॅरेजात ओढून न्यायची म्हणून आबा डिकी रिकामी करायला लागले. चहाचा कॅन आम्ही रात्री खोलीत नेला होता. दुसरा त्यांनी उचलला तर तो नुसता दगड. फुगून त्याचं पोट बाहेर आलं होतं. त्यांनी तो पायरीवर आणून ठेवला. आईनं बोटानं ठोकून बघितला, मग मेकॅनिकला खूण केली. त्यानं पातं घेऊन वरचं प्लॅस्टिक कापलं. आईनं हातमोजा काढला आणि आतल्या बर्फावर तळहात ठेवला.

"बरफ दावायला येवढ्या लांब आणलंत," ती म्हणाली, "अन् पैला हात लागला त्यो आपल्याच हिरीच्या बरफाला."

मला हसू आवरेना. मेकॅनिकला भाषा कळली नाही, तरी तोही हसला. आबा मात्र तिच्या शेजारी पायरीवर बसले आणि म्हणाले, "चुकलं माझं."

हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. आईनंही ऐकले नसावेत, कारण तिनं एकदम हात बर्फावरून काढला आणि तसाच ओला त्यांच्या गुडघ्यावर ठेवला.

"चुकलं तर चुकलं," ती म्हणाली. "तुमी आलात तर वर जाऊ. न्हाईतर हितंच बसू दोगं. ह्यो बरफ काय वाईट हाय?"

आबा टॅक्सीत बसले. आयुष्यात पहिल्यांदा मागच्या सीटवर. पंधरा किलोमीटर त्यांचा उजवा पाय ब्रेक दाबत होता आणि प्रत्येक वळणाला ते ड्रायव्हरला "सेकंड डालो, सेकंड डालो" सांगत होते. ड्रायव्हर मोठ्या मनाचा निघाला, दोनदा त्यानं खरंच सेकंड गिअर टाकला.

वर गाडी थांबली तेव्हा सगळीकडं पांढरं होतं. आई उतरली. आबांच्या दंडाला धरून ती वीस-पंचवीस पावलं चालली असेल, एकेक पाऊल चाचपत. मग वाकून तिनं मूठभर बर्फ घेतला, थोडा तोंडात टाकला आणि चव काहीच नाही असं जाहीर केलं. दोघांचा फोटो मी काढला. लग्नातल्या फोटोत आहेत तसेच दोघं गंभीर उभे आहेत, फक्त आईच्या पदराच्या जागी माझी कानटोपी आहे. मला रडू आलं ते मी थंडीवर ढकललं.

परत आलो, आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशनही नीट झालं. आबा आता पिरंगुटला भेटेल त्याला कूलंटचं महत्त्व सांगतात. पण घर काहीतरी सुनं वाटायला लागलं. फ्रिज उघडला जाई, वळवाच्या गारा पडून गेल्या, आणि आई एका शब्दानं बोलेना. शब्द पुरा झाला होता, बोलणार काय? आबा पेपर धरून बसायचे आणि मधूनमधून त्याच्या वरून तिच्याकडं बघायचे. चाळीस वर्षांचा टोमणा हरवल्यानं माणूस एवढा कासावीस होईल असं मला वाटलं नव्हतं.

मग एका रविवारी शेजारच्या काकू आल्या आणि फोटो बघून म्हणाल्या, बरं झालं बाई, दाखवला शेवटी ह्यांनी बरफ. आई कप भरत होती. तिनं मान वर न करता सांगितलं, "दाखवला की. टॅक्सीतनं."

आबांनी पेपर खाली ठेवला. इतके खूश मी त्यांना रस्त्यात कुठंच बघितलं नव्हतं.

"आगं, पुढल्या साली नेतो की," ते म्हणाले, "आपल्या गाडीनं."