मुलुंड ते बोरिवली: सांधे सांभाळत भाऊबीज

दिवाळीच्या सुट्टीत लोक केरळला जातात, राजस्थानला जातात. मी बोरिवलीला गेले. हसू नका. संधिवातवाल्यांसाठी मुलुंड ते बोरिवली हा परदेश दौराच असतो, फक्त व्हिसा लागत नाही.

माझा मोठा भाऊ, अरविंददादा, तिथे राहतो. खरं तर भाऊबीजेला भावानं बहिणीकडे यायचं. पण गेली दोन वर्षं ऐनवेळी त्याला काहीतरी काम निघायचं. निवृत्त माणसाला! मग मी मोबाइललाच ओवाळायचे आणि तो ओवाळणीत उपदेश घालायचा, "चालत जा गं. बसून बसूनच सांधे धरतात." रोज नॅशनल पार्कात फेऱ्या मारणारा माणूस तो. त्याच्या मते संधिवात म्हणजे आळसाचंच शुद्ध मराठी नाव.

यंदा ठरवलं, आपणच जायचं, आणि वहिनीला फोनवर तसं कळवलंही. राग होता, खोटं कशाला बोलू? दारात उभं राहून विचारायचं होतं, "माझ्यासाठी वर्षातला एक दिवस निघत नाही का रे?"

आता जाणाऱ्यांसाठी माहिती. सकाळी माझी बोटंच उघडत नाहीत, त्यामुळे 'पहाटे निघालो' वगैरे रोमांच विसरा. गरम पाण्याचा शेक, पोटभर नाश्ता, मग डॉक्टरांची गोळी, मग चपला. फराळाची पिशवी नवऱ्याच्या खांद्यावर. मिलिंद म्हणाला, "चकलीचा डबा इतका जड?" मी म्हटलं, "माझ्या हातची आहे ना!"

घाटकोपरपर्यंत रिक्षा. भाडं दिवाळीत जरा टोचतं, पण गुडघ्यांइतकं नाही. तिथून मेट्रो. लिफ्टसमोर धडधाकट पोरांची रांग होती आणि जिना रिकामा. आमच्यासारख्यांनी लिफ्ट पळवून नेऊ नये, म्हणून बिचारे पहारा देत असावेत.

गाडीत मला जागा मिळाली आणि जागेबरोबर सल्लाही. शेजारच्या बाईंनी माझी सुजलेली बोटं बघितली. "आंबट बंद करा." समोरच्या म्हणाल्या, "छे हो, बटाटा बंद करा. आणि तांब्याचं कडं घाला." पुढच्या स्टेशनपर्यंत माझ्या ताटात फक्त ताट उरलं.

अंधेरीत हायवेजवळ गाडी बदलायला पूल ओलांडावा लागतो. तो लांब आहे. घाई करू नका, मध्ये टेका. मी तीनदा टेकले. राष्ट्रीय उद्यान स्टेशनला उतरून पुन्हा रिक्षा केली.

दादाची बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही, घर तिसऱ्या मजल्यावर. कठडा धरून, एकेक पायरी, मनात भांडणाची उजळणी करत मी चढले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कोणीतरी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलं होतं. दादा. हातात काठी.

"इथे काय करतोयस?"

"तुला घ्यायला खाली निघालो होतो."

"मग?"

"मग काय! एक मजला उतरलो आणि वाट लागली. आता खालीही जाववत नाही नि वरही. ही खुर्ची शेजारच्यांची."

वरून वहिनीचा आवाज आला, "सांगा आता खरं! दोन वर्षं झाली गुडघे जाऊन, पार्क बंद, आणि बहिणीला सांगायचं नाही म्हणे!"

दादा काठीकडे बघत म्हणाला, "तुला इतकं बोललो होतो. कुठल्या तोंडानं सांगू?"

उजळणी केलेलं भांडण कुठे गेलं कोण जाणे. मला हसूच आलं. मी पायरीवर बसले.

एवढ्यात खुर्चीच्या मालकीणबाई बाहेर आल्या आणि जिन्यावर का बसलोय म्हणून मालवणीतच रागावल्या. "अगो बाय, जिन्यार कित्याक बसलंस? घरात येवा!" पण घरात जाण्याइतकंही उठवेना. शेवटी वहिनीच ताट घेऊन खाली आली आणि मी दादाला तिथेच ओवाळलं. माझी बोटं वळेनात, कुंकू नाकापर्यंत आलं. मिलिंदनं पिशवी उघडली आणि वर-खाली जाणाऱ्या सगळ्यांना चकली वाटली. झकास हॉटेलांतही इतकी वर्दळ नसते.

घरी पोचल्यावर दोन दिवस मी पलंगाची शोभा वाढवली. मुक्काम न करता परतणं हा मूर्खपणा होता; तुम्ही करू नका. सुट्टीत दुखणं सुट्टीवर जात नाही.

तिसऱ्या दिवशी दादाचा फोन आला. त्याला माझ्या डॉक्टरांचा पत्ता हवा होता. दोन वर्षं साहेबांनी फक्त तेल चोळलं होतं! मी पत्ता दिला, टोमणाही दिला. तो फोन ठेवेल असं वाटलं, पण त्यानं ठेवला नाही.

"तुला किती दुखतं गं?" त्यानं विचारलं.

इतक्या वर्षांत हे त्यानं कधीच विचारलं नव्हतं. मी टीव्ही बंद केला, पायाखाली उशी घेतली आणि सांगायला सुरुवात केली. त्यानं मध्ये एकही सल्ला दिला नाही.