भायाच्या तोंडचं नाव

"मग काय म्हणाले तुमी? परत म्हणा. माझ्यासमोर म्हणा की एकदा!"

सुरेखाने मोबाइल नवऱ्याच्या ताटाशेजारी उभा धरला होता. ताटातल्या पिठल्यावर साय धरत चालली होती आणि गहिनीनाथचा घास हातातच राहिला होता.

"अगं, बिबट्या होता तिथं. तवा काय म्हणायचं असतं माणसानं?"

"मागं सरक म्हणायचं. मॅडम म्हणायचं. सगळं गाव म्हणतंय तसं गार्डीणबाई म्हणायचं. नाव कावून घेतलं?"

"तोंडातनं गेलं."

"माझं न्हाई गेलं कधी! उज्जी पोटात होती अन् मी न्हाणीत घसरून पडलते, तवाबी तुमी 'अगं ए, अगं ए' करतच पळत आलते."

सासू वत्सलाबाई उंबऱ्यात शेंगा फोडत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "हळू बोल. रस्त्यावर ऐकू जातंय."

"जाऊ द्या. गावानं व्हिडिओ बघितलाय, आता ऐकायचं काय राहिलंय?"

व्हिडिओ अभयारण्याच्या कडेच्या एका विहिरीवरचा होता. रात्री पाण्यात पडलेल्या बिबट्यासाठी वनखात्याच्या लोकांनी शिडी सोडली होती. लोकांना मागे हटवण्यात सकाळ गेली. बिबट्या बराच वेळ शिडीच्या खालच्या पायरीला धरून राहिला आणि मग एकदम वर आला. दोर धरलेली वनरक्षक बाई नेमकी त्याच्या वाटेत उभी होती. शूटिंग करणाऱ्याचा हात हलला, चित्रात आभाळ आलं, आणि त्या आभाळावर गहिनीनाथचा आवाज उमटला, "सायली! मागं हो, सायली!" बिबट्या तुरीत पळून गेला. कुणाला ओरखडाही आला नाही. फक्त तो आवाज राहिला, आणि दोन दिवसांत तो गावातल्या सगळ्या मोबाइलवर पोचला.

सायली ही गहिनीनाथच्या धाकट्या भावाची, रविराजची बायको. म्हणजे गहिनीनाथ तिचा भाया. भायाने धाकट्या भावजयीचं नाव घ्यायचं नाही, तिच्याशी समोरासमोर बोलायचं नाही, आणि तिने भायापुढे उघड्या डोक्याने यायचं नाही, ही त्या घरातली रीत होती. बोलायचं असलं तर मध्ये तिसरं माणूस लागे. ते तिसरं माणूस म्हणजे सुरेखा.

"तिला म्हणावं, चहा गोड झालाय," गहिनीनाथ भिंतीकडे बघून म्हणायचा. सायली हाताच्या अंतरावर पदर ओढून उभी असायची. सुरेखा तेच शब्द तिला सांगायची. सायली म्हणायची, "त्यांना म्हणावं, उद्या कमी घालते." सुरेखा ते परत नवऱ्याला सांगायची. पाहुण्यांना याचं हसू येई, सुरेखाला कधी आलं नाही. घरातलं अर्धं बोलणं तिच्या हातून पुढे जायचं आणि जाता जाता चिमूटभर मीठ ती आपलं घालायची. "गोड झालाय" हे तिच्या तोंडून "साखर काय फुकट येती का" असं होऊन निघे.

सायलीला या घरात आणलंही तिनेच. रविराज दुधाचा टेम्पो चालवायचा. त्याच्यासाठी मुली बघायला निघालेल्या बायकांत सुरेखा सगळ्यांत पुढे होती. एक मुलगी गोरी होती, एक शिकलेली होती. सुरेखाने सायली निवडली. आईबाप ऊसतोडीला जाणारे, पोर आजीपाशी वाढलेली, खाली मान घालून बसलेली. "ऐकण्यात राहील," ती परतताना जीपमध्ये सासूला म्हणाली होती.

ऐकण्यात राहिलीही. पण पहाटे उठून डोंगराच्या रस्त्याने पळायला लागली. रविराजने तिचा वनखात्याच्या भरतीचा अर्ज भरला होता. पळण्यात ती तालुक्यातल्या पोरींच्या पुढे निघाली आणि वनरक्षक झाली. पहिली नेमणूक लांब होती, नंतर बदली होऊन ती घरामागच्याच डोंगरावर आली, मोरांच्या अभयारण्यात. तिथे गहिनीनाथ आधीपासून वनमजूर होता. तेव्हापासून घरात तो थोरला आणि डोंगरावर ती.

डोंगरावर तिसरं माणूस नव्हतं.

सुरेखाने हे बुटांवरून ओळखलं. पूर्वी ओट्यावर एकच जोड असायचा. आता दोन जोड शेजारी सुकत. ती झाडता झाडता वाकून बघायची. दोन्हीला एकच तांबडी माती लागलेली. एखाद्या दिवशी एकाला तांबडी आणि दुसऱ्याला ओढ्यातली काळी दिसली, की त्या दिवशी तिची भाकर चांगली फुगायची. वर्दीची इस्त्री तीच करायची, कारण सायलीला सकाळी वेळ नसायचा. डबेही तीच भरायची. नवऱ्याच्या डब्यातलं लोणचं सायलीला आवडतं म्हणून तो तिला अर्धं देतो, हे कळल्यावर तिने लोणचं बंद केलं. आठवडी बाजारात कांदेवाली म्हणाली, "गार्डीणबाईंच्या जाऊबाई का तुमी?" सुरेखा कांदे तसेच टाकून पुढे गेली.

हे सगळं तिने गिळलं होतं. नाव मात्र गिळता येईना. कारण लग्न झाल्यापासून गहिनीनाथने तिला नावाने हाक मारली नव्हती. आधी "अगं ए" होतं. पोरगी झाल्यावर पोरीचंच नाव आईला आलं. "उज्जे, पाणी दे." उज्ज्वला आता बीडला वसतिगृहात राहून शिकत होती, तरी घरात दिवसभर तिला हाका चालायच्या आणि सुरेखा उठायची.

"शपथ खा," ती आता म्हणाली. "तिच्याशी बोलायचं न्हाई. फोनवरबी न्हाई. काय सांगायचं ते मला सांगायचं, मी सांगीन. घरात हाय तशीच रीत डोंगरावर."

"येडी का काय तू? डोंगरावर तू कुठंय?"

"फोन हाय की माझ्याकडं."

"उद्या वणवा लागला तर तुला फोन करून तिला सांगू?"

"करा."

गहिनीनाथने आईकडे पाहिलं. वत्सलाबाई शेंगांची टरफलं गोळा करत म्हणाली, "थोडे दिस पाळ बाबा. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार?"

"उज्जीची शपथ घ्या," सुरेखा म्हणाली.

त्याने पाण्याच्या तांब्यावर हात ठेवला, शपथ घेतली आणि थंड पिठलं खाऊन टाकलं. सायली आतल्या खोलीत वर्दीच्या घड्या घालत होती. तिला सगळं ऐकू येत होतं आणि ते सुरेखाला माहीत होतं.

शपथ त्याने खरंच पाळली. पाणवठ्यावर टँकर आला की सुरेखाचा फोन वाजायचा, "तिला म्हणावं, टँकर आलाय." सुरेखा सायलीला फोन करायची, "टँकर आलाय म्हणत्यात." पलीकडून सायली म्हणायची, "ताई, मी टँकरपाशीच उभी हाय. ते माझ्यासमोरच हायेत."

"असू दे," सुरेखा म्हणायची आणि खुशीत कणीक मळायला बसायची.

मग तो शनिवार आला. गहिनीनाथ उजाडायच्या आत गस्तीला गेला होता. सायली आंघोळ करून वेणी घालत होती. सुरेखा भाजी फोडणीला टाकत असताना फोन वाजला.

"उज्जे," गहिनीनाथला धाप लागली होती, आवाज तुटत होता. "तिला म्हणावं लवकर ये. पंचनामा करायचाय. अन् ऐक, ओढ्यानं येऊ नको म्हणावं. वरनं ये, देवळाच्या वाटेनं. जपून ये म्हणावं. नीट सांग."

"झालं काय?"

"ते मागनं. मला लाइनमनला फोन करायचाय." फोन बंद झाला.

कढईत मोहरी जळाली. सुरेखा फोन हातात धरून तशीच उभी राहिली. पंचनामा तिच्या कानावरून गेला, लाइनमन गेला. राहिलं ते 'जपून'. देवळाच्या वाटेला चिंचांची सावली होती, रस्ता सपाट होता. ओढ्यातून गेलं की स्कूटी दगडावर आदळायची. बाईसाहेबांच्या अंगाला झटके बसतात म्हणून हा माणूस धापा टाकत फोन करतो. त्याच ओढ्यातून सुरेखाने सरपणाच्या मोळ्या आणल्या होत्या, पोटात पोर असतानाही. तेव्हा कोण म्हणालं होतं जपून?

सायली टोपी हातात घेऊन बाहेर आली. "कुणाचा फोन, ताई?"

"त्यांचाच. बोलावलंय तुला. पंचनामा हाय. लवकर ये म्हणले."

सायली बूट चढवता चढवता थांबली. "अजून काय म्हणले?"

"न्हाई."

स्कूटी गेली. ओढ्याच्या अंगालाच वळली, कारण लवकर पोचायला तीच वाट होती. सुरेखाने जळालेली फोडणी टाकून दिली आणि दुसरी केली.

ऊन ओट्यावर आलं तेव्हा शेजारचा शहादेव जीप काढताना दिसला. "गार्डीणबाई पडल्यात," तो म्हणाला. "आणायला चाललोय. वहिनी, गादी द्या एखादी."

"पडली? कशी?"

"शिकाऱ्यांनी लाइटच्या तारंवर आकडा टाकलाय. डुकरांसाठी. उघडी तार नेलीय ओढ्यापतोर. दोन डुकरं मरून पडल्यात, एक कोल्हाबी. गादी द्या की!"

सुरेखाने गादी दिली. ती जीपच्या मागे फाटकापर्यंत चालत गेली आणि तिथेच बसली. वत्सलाबाईने काय झालं विचारलं, तेव्हा तिने फक्त "पडलीय" एवढंच सांगितलं. दुपारभर तिने काही खाल्लं नाही. फोन समोर ठेवला, पण केला कुणालाच नाही. सायली मेली असती तर, हा विचार तिच्या मनात आला आणि त्याच्या मागोमाग दुसरा आला, की मग नवऱ्याने जन्मभर तिचंच नाव घेतलं असतं. या दुसऱ्या विचाराची तिला जास्त भीती वाटली.

संध्याकाळी सायलीला बीडच्या दवाखान्यातून घरी आणलं. उजवा हात कोपरापासून प्लास्टरमध्ये होता, गाल खरचटला होता. रविराजने तिला बाजेवर बसवलं. तो वाटेत तिच्याकडून सगळं ऐकून आला होता आणि आता आईला सांगत होता. गाडी ओढ्यात उतरली होती. तार पुढेच गवतात होती, दिसण्यासारखी नव्हती. गहिनीनाथ वर मेलेल्या डुकरांपाशी लाइट बंद होण्याची वाट बघत थांबला होता. त्याने स्कूटी बघितली आणि ओरडला.

"काय ओरडला?" वत्सलाबाईने विचारलं.

रविराज घुटमळला. सायलीनेच सांगितलं, "नावानं हाक मारली. म्हणून मी एकदम ब्रेक दाबला. गाडी घसरली. मॅडम म्हणले असते तर मला वाटलं असतं दुसऱ्या कुणाला."

"देवच पावला म्हणायचा," वत्सलाबाई म्हणाली. सुरेखा चुलीपाशी पाठमोरी बसून होती.

तेवढ्यात गहिनीनाथ आला. लाइट बंद करून घेतली होती, पंचनामा दुसऱ्या गार्डने केला होता, एक शिकारी सापडला होता. तो दारात येताच सायलीचा डावा हात सवयीने डोक्याकडे गेला. ओढणी बाजेवर प्लास्टरखाली अडकली होती, एका हाताने निघेना. ती ओढत राहिली. कुणी हलेना. शेवटी सुरेखा उठली, तिने ओढणी सोडवली आणि जावेच्या डोक्यावरून पुढे ओढून दिली. तिच्या केसांत ओढ्यातली काळी माती होती.

गहिनीनाथ भिंतीशी बसला. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "तिला विचार, ओढ्यानं कावून आली? नीट सांगितलं न्हवतं का?"

घरातल्या सगळ्यांनी सुरेखाकडे पाहिलं, कारण रीतीप्रमाणे पुढचं बोलणं तिचं होतं.

"ते विचारत्यात," ती म्हणाली, "ओढ्यानं कावून आलीस. सांगितलं न्हवतं का."

सायलीने ओढणीच्या आतून तिच्याकडे पाहिलं. नीट, सरळ पाहिलं. त्या नजरेत राग असता तर सुरेखाला बरं वाटलं असतं.

"त्यांना म्हणावं," सायली म्हणाली, "ताईंनी सांगितलं होतं. माझ्याच ध्यानात राहिलं न्हाई."

आता हे वाक्य सुरेखाने उचलून नवऱ्याकडे द्यायचं होतं. तो वाट बघत होता. तिने तोंड उघडलं. शब्द तयार होते, दुसऱ्याचे होते, नेहमीसारखे नुसते पुढे सरकवायचे होते. आणि ही कालची पोर, जिला तिने खाली मान घालते म्हणून निवडली, तिच्यावर उपकार करत होती, सगळ्यांसमोर, मोडक्या हाताने. हे तिला बिबट्याच्या व्हिडिओपेक्षा जास्त झोंबलं.

"ती खोटं बोलतीय," सुरेखा म्हणाली. "मी सांगितलंच न्हाई. लवकर ये एवढंच सांगितलं. ओढ्याचं सांगितलं न्हाई, जपूनचंबी न्हाई. मुद्दाम."

"उज्जे..." गहिनीनाथ उठून उभा राहिला.

"बसा. माझं व्हायचंय."

"काय बाई बोलती ही!" वत्सलाबाई म्हणाली. "आता घराची रीत..."

"रीतीचंच सांगतीय, आत्याबाई." सुरेखाने कपाळावरचा पदर मागे सारला. "शपथ मी घातलती, मीच सुटली म्हणते. आजपासनं ह्या घरात भाया-भावजय एकमेकांशी सरळ बोलतील, घरातबी अन् डोंगरावरबी. 'तिला म्हणावं, त्यांना म्हणावं' माझ्याकडनं बंद. अन् उज्जी बीडला हाय. मी सुरेखा हाय. मला नावानं हाक आली तर मी उठीन, न्हाईतर ज्यानं त्यानं आपलं ताट वाढून घ्यायचं."